घर भाड्यानं देताना: किल्ली देण्याआधीपासून अनामत परत करेपर्यंत

घर भाड्यानं दिलं की ठरलेल्या तारखेला पैसे जमा होतात, एवढंच चित्र डोळ्यांसमोर ठेवून पुष्कळ जण या कामात उतरतात. प्रत्यक्षात ते चालतं घर सांभाळण्याचं काम आहे, आणि त्या घरात राहतं दुसरंच कुटुंब. नळ गळतो, भिंतीला ओल येते, भाडं लांबतं, आणि जाताना अनामत रकमेवरून वाद होतो. या वादांच्या मुळाशी गेलं तर बहुतेक वेळा एकच कारण सापडतं: कुठली तरी गोष्ट वेळेवर मोजली गेली नाही किंवा लिहून ठेवली गेली नाही. ताबा देताना मीटरवर आकडा काय होता, भिंत कशी होती, गळतीची तक्रार कोणत्या तारखेला आली, किल्ल्या किती दिल्या. म्हणून पुढच्या प्रत्येक पायरीत काय मोजायचं आणि काय लिहायचं यावरच भर दिला आहे.

कायदा मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळा. अनामतीची मर्यादा, नोटिशीची मुदत, कराराची नोंदणी, भाडेवाढीचे नियम आणि घर रिकामं करून घेण्याची रीत हे पाच मुद्दे आपल्या ठिकाणच्या वकिलाकडून एकदा समजून घ्या. ही फी वाचवू नका.

पहिली पायरी: बारा नव्हे, अकरा महिन्यांचा हिशेब

वर्षाचं उत्पन्न काढताना भाड्याला 12 नं गुणायची सवय सोडा. भाडेकरू बदलतो तेव्हा साफसफाई, रंगकाम आणि नवा माणूस शोधणं यात महिना सहज जातो. एक रिकामा महिना म्हणजे वर्षाच्या भाड्यातले 8.33 टक्के गेले.

मासिक भाडं 100 धरून मांडून पाहा. 11 महिन्यांचे 1100. त्यातून घरपट्टी आणि इमारतीची देखभाल वर्गणी समजा 130, विमा 20, दुरुस्तीसाठी भाड्याच्या 10 टक्के म्हणजे 110, आणि दोन वर्षांतून एकदा एका महिन्याची दलाली, म्हणजे वर्षाला 50. उरले 790. कर्जाचा हप्ता आणि उत्पन्नावरचा कर अजून जायचाच आहे. 1200 डोक्यात ठेवून हप्ता बांधून घेतलेला मालक पहिल्याच मोठ्या दुरुस्तीला अडकतो, मग काम पुढे ढकलतो, आणि ढकललेली गळती दुपटीनं महाग पडते.

दुरुस्तीचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवा. मोठ्या वस्तूंसाठी सरळ भागाकार करा: गीझर 10 वर्षं चालेल असं धरलं तर त्याची किंमत भागिले 120, इतकी रक्कम दरमहा बाजूला. आतला रंग 5 वर्षांचा धरला तर खर्च भागिले 60. पाण्याचा पंप, नळ, फ्लशची यंत्रणा, सगळ्यांची अशी यादी करा. जुन्या घराला 10 टक्के पुरत नाहीत, तिथे 15 धरणं शहाणपणाचं.

भाडं ठरवताना जाहिरातीतले आकडे पाहू नका. ते मागणीचे आकडे असतात. तशाच आकाराची, तशाच स्थितीतली पाच-सहा घरं प्रत्यक्षात कितीला गेली ते विचारून काढा. आणि थांबण्याची किंमत विसरू नका. आज 100 ला घर जातंय, पण 108 हवेत म्हणून महिनाभर थांबलात, तर वर्षात 11 गुणिले 108 म्हणजे 1188 मिळतील. न थांबता 1200 मिळाले असते. 110 मिळाले तरी बेरीज 1210 होते, आणि तो 10 चा फायदा रिकाम्या घराच्या वीजबिलातच जातो.

जाहिरात देऊन दोन आठवडे झाले आणि कोणी बघायलाच आलं नाही, तर भाडं जास्त आहे किंवा फोटो वाईट आहेत. लोक येतात, बघतात आणि परत फोन करत नाहीत, तेव्हा दोष घरात असतो. वास, अंधार, ओल, अस्वच्छ संडास ही नेहमीची कारणं. अशा वेळी भाडं कमी करण्याआधी ते कारण दूर करा.

दुसरी पायरी: रिकाम्या घराची तपासणी

घर रिकामं आहे तोवरच सगळं तपासता येतं. सुरुवात पाण्यापासून करा, कारण घराचं सर्वात जास्त नुकसान पाणीच करतं.

सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरवरचा आकडा लिहा, दोन तास काहीही न वापरता थांबा, परत वाचा. आकडा हलला तर कुठेतरी गळती आहे. मग मुख्य कॉक बंद करून तीच परीक्षा घ्या. आता आकडा थांबला तर गळती घराच्या आत, नाहीतर मीटर आणि कॉक यांच्यामध्ये.

फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग टाकून 20 मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर तळाचं रबर झिजलं आहे. रबर ठीक असूनही पाणी वाहत असेल, तर फ्लोट, म्हणजे टाकीत पाणी भरलं की पुरवठा बंद करणारा तरंगता गोळा, फार वर बसवलेला असतो आणि जादा पाणी मधल्या उभ्या नळीतून आत जात राहतं. पाण्याची पातळी त्या नळीच्या तोंडापेक्षा 2 ते 3 सेंटिमीटर खाली राहील असा फ्लोट बसवा. ही गळती आवाज करत नाही, म्हणून महिनोन्महिने कळत नाही.

न्हाणीघराच्या जमिनीची परीक्षा खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांची तक्रार येण्याआधी घ्या. जाळीचं तोंड नीट बंद करा, जमिनीवर 2.5 सेंटिमीटर पाणी साठवा, भिंतीवर पेन्सिलनं खूण करा आणि 24 तास थांबा. थोडं पाणी वाफेनं कमी होईलच. पण खाली छताला डाग आला किंवा पातळी ठळकपणे उतरली, तर टाइल्सखालचा वॉटरप्रूफिंगचा थर फुटला आहे. वरून ग्राउट, म्हणजे टाइल्समधल्या फटींचा मसाला, भरून हे काम भागत नाही. टाइल्स काढाव्याच लागतात, आणि ते भाडेकरू येण्याआधीच परवडतं.

वीज. आरसीसीबीचं, म्हणजे वीज कुठे गळली की पुरवठा तोडणाऱ्या खटक्याचं, चाचणीचं बटण दाबा, खटका लगेच पडलाच पाहिजे. नाही पडला तर तो बदलल्याशिवाय घर कोणाला देऊ नका. माणसाला विजेच्या धक्क्यापासून वाचवणारी ती वस्तू आहे, आणि घरासाठी ती 30 मिलिअँपिअरची हवी. प्रत्येक सॉकेटचं तोंड बघा. काळपट किंवा वितळलेलं दिसलं तर आतला स्क्रू सैल आहे. सैल जोड तापतो आणि आग तिथून लागते. गीझर 16 अँपिअरच्या सॉकेटवर आणि स्वतंत्र तारेवर असावा. 3 किलोवॉटचा गीझर 230 व्होल्टवर 13 अँपिअर ओढतो, हलकी तार तो फार दिवस सहन करत नाही.

गॅसवर चालणारा गीझर बंद न्हाणीघरात असेल तर तो काढा किंवा बाहेर हलवा. यात तडजोड नको. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि अंघोळ करता करता माणूस बेशुद्ध पडतो. गॅसच्या रबरी नळीवर छापलेली तारीख उलटून गेली असेल तर नळी बदला.

कुलूप. आधीच्या भाडेकरूनं किती किल्ल्या बनवल्या ते कोणालाच ठाऊक नसतं, म्हणून प्रत्येक नव्या माणसासाठी बाहेरच्या दाराचं सिलिंडर, म्हणजे कुलपातला किल्ली जाते तो भाग, बदला. पूर्ण कुलूप काढायची गरज नाही. दाराच्या कडेवरचा लांब स्क्रू काढा, किल्ली घालून थोडी फिरवा म्हणजे जीभ सिलिंडरच्या रेषेत येते, आणि सिलिंडर सरळ बाहेर ओढा. नवं आणण्याआधी स्क्रूच्या भोकापासून दोन्ही टोकांपर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये मोजा, 30 आणि 30, किंवा 30 आणि 40. माप न घेता आणलेलं सिलिंडर दाराबाहेर डोकावतं, आणि डोकावणारं सिलिंडर पक्कडनं तुटतं.

सगळ्या खोल्यांना एकच रंग द्या आणि डब्यावरचा शेड नंबर वहीत लिहून ठेवा. एका लिटरमध्ये एक हात साधारण 10 ते 12 चौरस मीटर होतो. 4 मीटर बाय 3 मीटरच्या, 2.7 मीटर उंचीच्या खोलीच्या भिंती दारंखिडक्या वगळून 34 चौरस मीटरच्या आसपास भरतात, म्हणजे दोन हातांना 6 ते 7 लिटर. नंबर जपून ठेवला तर पुढे एकच भिंत रंगवून भागतं. तो हरवला की डाग एका भिंतीवर आणि खर्च चार भिंतींचा.

तिसरी पायरी: भाडेकरूची निवड

चेहरा पाहून निवडू नका. आडनाव, भाषा, खाणं, लग्न झालंय की नाही, यांवरूनही निवडू नका. तो अन्याय आहे, अनेक ठिकाणी बेकायदाही आहे, आणि भाडं वेळेवर येण्याशी त्याचा काही संबंध नसतो. संबंध असतो तो तीन गोष्टींचा.

उत्पन्न पहिलं. भाडं घरात येणाऱ्या पैशांच्या एक तृतीयांशाच्या आत असावं. मागच्या तीन महिन्यांचे पगाराचे कागद किंवा खात्याचा उतारा बघा. व्यवसाय असेल तर वर्षाचं कर विवरण. दुसरी गोष्ट, ओळखपत्र, आणि तेही मूळ प्रत हातात घेऊन. तिसरी, आधीच्या घरमालकाशी बोलणं. सध्याच्या मालकाला भाडेकरू लवकर जावा असंही वाटत असू शकतं, म्हणून त्याच्याही आधीच्या मालकाला फोन करणं जास्त उपयोगाचं. फक्त तीन प्रश्न विचारा: भाडं किती वेळा उशिरा आलं, अनामतीतून काही कापलं का, परत घर द्याल का. तिसऱ्या प्रश्नाला आलेला थोडासा थांबाही पुष्कळ सांगून जातो.

सगळ्या इच्छुकांना तेच प्रश्न, त्याच क्रमानं. आणि पैसे व कागद पूर्ण होईपर्यंत किल्ली नाही, "सामान तेवढं आत ठेवू द्या" अशी विनंती आली तरी नाही.

चौथी पायरी: करारनामा

तयार नमुना घेतलात तरी पुढच्या गोष्टी आकड्यांत आल्या आहेत का ते पाहा. भाडं कोणत्या तारखेपर्यंत आणि कोणत्या खात्यात. उशीर झाला तर काय. अनामत किती, ती किती दिवसांत परत, आणि कशाकशातून कापता येईल. दोन्ही बाजूंची नोटीस किती दिवसांची. भाडेवाढ कधी आणि किती टक्के. राहणाऱ्या सगळ्या प्रौढांची नावं. वीज, पाणी, वर्गणी कोणाकडे. पाळीव प्राणी, पोटभाडेकरू, भिंतीला भोकं पाडणं.

जास्तीत जास्त भांडणं दुरुस्तीच्या कलमावर होतात, कारण तिथे "किरकोळ दुरुस्ती भाडेकरूनं करावी" असं मोघम लिहिलेलं असतं. किरकोळ म्हणजे काय? वस्तूंची नावं लिहा. बल्ब, नळाचा वॉशर, रिमोटची बॅटरी, केसांनी तुंबलेली जाळी भाडेकरूकडे. भिंतीतल्या आणि जमिनीखालच्या वाहिन्या, वायरिंग, गीझर, पंप, छत, बाहेरची भिंत, खिडकीची चौकट मालकाकडे. वापरातल्या चुकीनं मोडलं तर मोडणाऱ्याकडे. आणि एक वाक्य आवर्जून घाला: गळती किंवा ओल दिसल्यापासून 48 तासांत भाडेकरूनं लेखी कळवावं. कळवल्यावर मालकानं किती दिवसांत माणूस पाठवायचा, तेही त्याच कलमात हवं. एकाच बाजूला बांधणारं कलम वादात फार टिकत नाही.

पाचवी पायरी: ताबा देण्याचा दिवस

या एका दिवशी दोन तास खर्च करा. प्रत्येक खोलीचे चार कोपऱ्यांतून चार फोटो, शिवाय छत आणि जमीन. मग जवळून: सिंकखालची जागा, कपाटांच्या आतल्या बाजू, खिडकीच्या काचा, दारांच्या कडा, टाइल्सवरच्या चिरा, गीझर आणि इतर यंत्रांचे अनुक्रमांक. आधीपासून असलेल्या प्रत्येक डागाजवळ मोजपट्टी धरून फोटो घ्या. दोन खोल्यांच्या घराचे 60 ते 80 फोटो होतात. ते जास्त नाहीत. शेवटी एक व्हिडिओ: प्रत्येक नळ सोडून, प्रत्येक दिवा लावून, प्रत्येक खिडकी उघडून.

कागदावर ताबा-नोंद करा. वीज, पाणी आणि गॅसच्या मीटरचे आकडे, किल्ल्यांची संख्या प्रकारानुसार, वस्तूंची यादी, आणि प्रत्येक वस्तूसमोर तिचं वय: "बैठकीच्या भिंतींचा रंग, 7 महिने जुना." हे वय शेवटच्या दिवशी फार उपयोगी पडतं. दोन प्रती, दोघांच्या सह्या. राहायला लागल्यावर लक्षात येणाऱ्या गोष्टी लिहून कळवायला भाडेकरूला 7 दिवस द्या.

जाण्याआधी मुख्य पाण्याचा कॉक, विजेचा मुख्य खटका आणि गॅसचा कॉक कुठे आहे ते दाखवा. नुसतं बोट दाखवू नका, त्यांच्या हातून एकदा बंद-चालू करून घ्या. वर्षानुवर्षं न हललेला कॉक ऐन वेळी हातात तुटतो, तो आज तुटलेला बरा.

सहावी पायरी: तक्रार आली की

तक्रार लेखी मागा, संदेश चालेल, सोबत फोटो. फोनवर आली तरी नंतर "आज अमुक वाजता तुम्ही अमुक सांगितलंत" असा संदेश तुम्हीच पाठवा. मग तिची तातडी ठरवा.

जळका वास, फुटलेली वाहिनी, गॅसचा वास, बंद न होणारं बाहेरचं दार यांना तासाभरात प्रतिसाद. गॅसचा वास आला तर कोणतंही बटण चालू किंवा बंद करायचं नाही, खिडक्या उघडायच्या, कॉक बंद करायचा, बाहेर पडायचं आणि फोन बाहेरून करायचा. हे ताबा देतानाच सांगून ठेवा. पाणी नाही, वीज नाही, घरातला एकमेव संडास तुंबलाय, यांना 24 तास. बाकीच्यांना एक आठवडा, पण येण्याचा दिवस त्याच दिवशी कळवायचा. भाडेकरू चिडतो तो बहुधा बिघाडामुळे नाही, उत्तर न आल्यामुळे चिडतो.

आता ओल. भाड्याच्या घरातला हा सर्वात चिवट प्रश्न आहे. नवखे मालक इथे सर्वात जास्त पैसे वाया घालवतात, कारण कारण न शोधताच रंग देतात. ओलीचं वागणं पाहिलं की कारण बहुधा सापडतं.

डाग रात्रंदिवस सारखाच ओला असेल तर दाबाखालच्या पाणीपुरवठ्याच्या वाहिनीत गळती आहे. वरच्या घरात अंघोळ झाली की तासाभरात वाढत असेल तर सांडपाण्याची वाहिनी, जाळीचा जोड किंवा टाइल्सचं ग्राउट. पावसानंतर दोन-चार दिवसांनी वाढत असेल तर बाहेरच्या भिंतीची चीर, खिडकीची कड किंवा गच्ची. जमिनीपासून वर चढत साधारण मीटरभर उंचीवर थांबत असेल तर ओल पायातून येते. भिंतीवर पांढरी भुकटी, म्हणजे लोणा, दिसला तर पाणी भिंतीच्या आतून प्रवास करतंय हे नक्की. पाणी वाळतं आणि क्षार मागे राहतात.

यांपैकी काहीच जुळत नसेल, आणि काळे ठिपके खोलीच्या कोपऱ्यात, कपाटामागे, खिडकीभोवती असतील, तर ते हवेतलं बाष्प असण्याची शक्यता मोठी. खात्री करायला 45 सेंटिमीटर लांबी-रुंदीचा प्लॅस्टिकचा तुकडा भिंतीवर चारही कडांनी चिकटपट्टीनं घट्ट लावा आणि 24 तासांनी बघा. खोलीच्या बाजूनं थेंब आले तर बाष्प, भिंतीच्या बाजूनं आले तर भिंतीत पाणी.

बाष्पावर उपाय राहणाऱ्यांच्या सवयीचा आहे आणि मालकानं करून द्यायच्या सोयींचाही. चार माणसांच्या घरात श्वास, स्वयंपाक, अंघोळ आणि वाळत घातलेले कपडे मिळून रोज सुमारे 10 लिटर पाणी हवेत जातं. अंघोळीनंतर एक्झॉस्ट पंखा 20 मिनिटं चालू राहायला हवा, आणि तो नसेल तर बसवणं मालकाचं काम. कपाटं बाहेरच्या भिंतीपासून 5 ते 10 सेंटिमीटर लांब ठेवा. खोलीतली आर्द्रता 60 टक्क्यांच्या खाली राहिली तर बुरशी सहसा धरत नाही. साधा आर्द्रतामापक घरात ठेवला की "तुम्ही खिडक्या उघडत नाही" आणि "तुमचं घरच ओलं आहे" हा वाद आकड्यावर येतो.

दुरुस्तीचा क्रम बदलू नका: आधी पाण्याचं मूळ बंद, मग पोपडे आणि कुजका गिलावा काढणं, मग भिंत पूर्ण वाळू देणं, आणि शेवटी रंग. गिलावा वाळायला आठवडे लागतात. ओल्या भिंतीवर दिलेला महागडा रंगही काही महिन्यांत फुगतो. कुठे पाणी सांडलं किंवा शिरलं तर 24 ते 48 तासांत सगळं कोरडं करा, त्यानंतर बुरशी सुरू होते. बुरशी साफ करताना ब्लीच आणि आम्लाचं क्लीनर कधीही एकत्र करू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

बेसिन आणि ओट्याच्या कडेचं सिलिकॉन सुटलं असेल तर जुन्यावर नवं चढवू नका, ते धरत नाही. जुनं पात्यानं पूर्ण खरवडा, कड स्पिरिटनं पुसा, कोरडी करा, बुरशीरोधक सिलिकॉनची सलग रेघ ओढा आणि 24 तास पाणी लागू देऊ नका. या शेवटच्या अटीसाठी भाडेकरूला आधी सांगून दिवस ठरवा, नाहीतर संध्याकाळी तिथे भांडी घासली जातात आणि सगळं काम फुकट जातं.

तुंबलेल्या पाण्यात आधी एवढंच पाहा: एकच बेसिन तुंबलंय की सगळीकडून पाणी वर येतंय? एकच असेल तर त्याच्या खालचा बाटली ट्रॅप, म्हणजे थोडं पाणी साठवून गटाराचा वास अडवणारा बाटलीसारखा भाग, बादली ठेवून हातानं उघडता येतो. सगळीकडे असेल तर मुख्य वाहिनी, तिथे प्लंबर आणि लांब स्प्रिंग लागते. तिखट रसायनं ओतून पुढे ढकलू नका. नंतर ट्रॅप उघडणाऱ्या माणसाचे हात भाजतात.

खटका सारखा पडत असेल तर भाडेकरूला फोनवरच सांगता येतं: सगळे एमसीबी, म्हणजे प्रत्येक तारेचे वेगवेगळे खटके, बंद करा, आरसीसीबी वर करा, मग एकेक एमसीबी चालू करत जा. ज्याला खटका पडतो त्या तारेवरची सगळी यंत्रं काढून परत पाहा. बहुधा गीझर, इस्त्री किंवा बाहेरचा ओला दिवा निघतो. सगळं बंद असतानाही पडत असेल, तर इलेक्ट्रिशियनशिवाय कोणी हात लावायचा नाही.

वर्षातून दोनदा घर पाहायला जा. किमान 24 तास आधी लेखी कळवून, त्यांच्या सोयीच्या वेळी. घर तुमचं असलं तरी राहणं त्यांचं आहे, न सांगता किल्ली लावून आत जाणं कधीच क्षम्य नाही. अर्धा तास पुरतो: सिंकखाली हात फिरवा, छताचे कोपरे बघा, आरसीसीबीचं बटण दाबा, पाण्याच्या मीटरचा फोटो घ्या.

सातवी पायरी: भाडं लांबलं तर

उशीर झाल्याच्या तिसऱ्या दिवशी साधा, सभ्य संदेश. बँकेचा घोळ किंवा विसर असेल तर इथेच मिटतं. सातव्या दिवशी रक्कम आणि तारीख लिहून पत्र किंवा ईमेल. चौदाव्या दिवशी समोरासमोर बसून बोला. नोकरी गेली, आजारपण आलं, अशी खरी अडचण असेल तर थकबाकी तीन-चार हप्त्यांत वाटून तारखांसह कागदावर घ्या आणि दोघांनी सही करा. एक हप्ता चुकला की लगेच वकिलाकडून नोटीस. एक महिन्याची थकबाकी फिटते, तीन महिन्यांची सहसा फिटत नाही, म्हणून संकोचानं दिवस घालवू नका.

अर्धवट रक्कम आली तर पावती द्या आणि त्यावर "एकूण थकबाकीपैकी" असं लिहा. पण नोटीस दिलेली असेल तर पैसे घेण्याआधी वकिलाला विचारा, काही कायद्यांत त्यामुळे नोटीस रद्द ठरते. पाणी तोडणं, वीज बंद करणं, कुलूप बदलणं, सामान बाहेर काढणं यांपैकी काहीही करू नका. ते त्या कुटुंबावर संकट आणणं तर आहेच, शिवाय खरी थकबाकी असलेला मालकही त्या क्षणापासून आरोपी होतो.

आठवी पायरी: घर सोडताना

नोटीस आली की जाण्याच्या दोन-तीन आठवडे आधी एकदा घर पाहा आणि काय दुरुस्त करायचं आहे त्याची यादी भाडेकरूला द्या. बहुतेक जण स्वतःच करून देतात, कारण ते त्यांना स्वस्त पडतं. शेवटच्या दिवशी सामान पूर्ण निघाल्यावरच ताबा-नोंद हातात घेऊन, जुन्या फोटोंच्या त्याच कोनांतून नवे फोटो काढा. मीटरचे आकडे आणि किल्ल्या परत मोजा.

मग झीज आणि नुकसान वेगळं करा. वापरानं फिका पडलेला रंग, चार-दोन खिळ्यांची भोकं, ये-जा करून घासलेली फरशी, सैल झालेली बिजागरी ही झीज आहे, ती भाड्यातच आली. फुटलेली काच, जळका ओटा, उखडलेलं दार, परवानगीशिवाय दिलेला गडद रंग हे नुकसान. आणि नुकसानीतही नव्या वस्तूची पूर्ण किंमत मागता येत नाही, उरलेल्या आयुष्याचीच मागावी. रंगाचं आयुष्य 60 महिने, ताबा देताना तो 7 महिने जुना, भाडेकरू 29 महिने राहिला. 36 महिने संपले, उरले 24. म्हणजे 40 टक्के, आणि तेही खराब झालेल्या भिंतीपुरतंच. रंग 60 महिन्यांच्या पुढे गेला असेल तर कितीही डाग असोत, कपात शून्य.

कापलेल्या प्रत्येक रकमेसमोर फोटो, बिल आणि हा भागाकार लावून पत्र द्या, आणि उरलेली अनामत ठरलेल्या दिवसाच्या आत खात्यात भरा. नव्या भाडेकरूची अनामत येईपर्यंत जुन्याची अडवून ठेवणं चुकीचं आहे. ते पैसे तुमच्याकडे ठेव म्हणून होते, म्हणून ते पहिल्या दिवसापासून वेगळ्या खात्यात हवेत.

मधल्या रिकाम्या काळात मुख्य कॉक बंद ठेवा, गीझर बंद करा, आणि दर दोन आठवड्यांनी एकदा जाऊन प्रत्येक जाळीत, बेसिनमध्ये आणि संडासात लोटाभर पाणी ओता. ट्रॅपमधलं पाणी काही आठवड्यांत उडून जातं आणि गटाराचा वास घरभर पसरतो. घर बघायला आलेल्या माणसाला ओल आणि वास यांतला फरक कळत नाही, तो सरळ निघून जातो. जायला जमणार नसेल तर पाण्यावर चमचाभर खाण्याचं तेल सोडा, पाणी उडणं बरंच मंदावतं. नव्या माणसाला किल्ली देण्याआधी प्रत्येक नळ काही मिनिटं मोकळा सोडून साचलेलं पाणी जाऊ द्या, आणि गीझर 60 अंशांवर एकदा पूर्ण तापवून घ्या, कोमट साचलेल्या पाण्यात लिजिओनेला नावाचे जंतू वाढतात.